आमचं मूल बसच्या नियमात बसतं का?

शाळेची पत्रं घरी यायला लागली की या पानावर बसचे प्रश्न सुरू होतात. यावेळी इतके आले की बाकीचे सगळे पुढच्या अंकावर ढकललेत, रागवू नका. मी स्वतः काही वर्षं एका शाळेच्या ऑफिसात बसचं टेबल सांभाळलंय, म्हणजे 'सॉरी, तुमचं मूल बसत नाही' हे वाक्य मी शेकडो वेळा बोललेय आणि त्यावर आईबाप काय काय बोलतात तेही ऐकलंय (सगळं इथे छापता येणार नाही). नंतर स्वतःच्या पोराच्या वेळी त्याच टेबलाच्या पलीकडे उभी राहिले तेव्हा कळलं की आपण किती कोरडं बोलायचो. असो. प्रश्न घेऊ.

प्रश्न : ताई नमस्कार. आम्ही न्यू जर्सीत राहतो. मुलगी पाच वर्षांची, सप्टेंबरपासून किंडरगार्टनला जाईल. पत्र आलंय की तुमचं घर शाळेपासून दोन मैलांच्या आत आहे म्हणून बस नाही. माझ्या गाडीच्या मीटरवर २.२ मैल येतं, मी तीनदा जाऊन बघितलं. आणि वैतागायची गोष्ट म्हणजे आमच्याच कॉम्प्लेक्समधल्या मागच्या बिल्डिंगचा मुलगा त्याच शाळेत बसने जातो! आम्ही दोघंही नोकरीवाले. हे लोक मोजतात तरी कसं? आता काय करू? — एक वैतागलेली आई

उत्तर : तुमचं मीटर बरोबर आहे आणि त्यांचंही बरोबर असू शकतं. गाडीचं मीटर गाडीचा रस्ता मोजतं, म्हणजे पार्किंगपासून निघून, सिग्नलला वळसा घालून, शाळेच्या त्या पोरं सोडायच्या लेनपर्यंत. नियम मात्र पायी जाणाऱ्याचा आहे. न्यू जर्सीत घराचं जे दार सार्वजनिक रस्त्याला किंवा पायवाटेला सगळ्यात जवळचं, तिथून शाळेच्या सगळ्यात जवळच्या सार्वजनिक प्रवेशद्वारापर्यंत, सार्वजनिक रस्ते आणि पायवाटा धरून जो सर्वात कमी अंतराचा मार्ग असेल तो मोजतात. तुम्ही पुढच्या मेन गेटपर्यंत मोजलंत आणि त्यांनी मैदानाकडचं मागचं गेट धरलं असेल, किंवा दोन गल्ल्यांच्या मधली एखादी पायवाट धरली असेल जिच्यावरून तुम्ही कधी गेलाच नाहीत, तर हे ०.२ मैल तिथेच गळाले.

म्हणून पहिलं काम, 'का नाही' असं विचारू नका, 'कुठून कुठे मोजलं' असं विचारा. आणि फोनवर नाही, ईमेल करा. 'तुम्ही धरलेल्या मार्गाचा नकाशा द्या, सुरुवातीचा पॉइंट कुठला, शेवटचा कुठला, मार्ग कुठल्या पायवाटेवरून जातो', एवढंच मागायचं. ऑफिसातल्या माणसाला चिडलेल्या ईमेलला उत्तर द्यायला आठवडा लागतो पण नकाशा मागितला तर तो बटण दाबून प्रिंट काढतो, हे मी अनुभवाने सांगते.

आमच्या ऑफिसात एकदा एक आजोबा आले होते, रस्तेवाल्यांकडे असतं तसं मोजायचं चाक घेऊन, काठीला लावलेलं, एका फेऱ्याला टक् करून आकडा पुढे जाणारं. नातवासाठी अख्खा रस्ता चालून मोजला होता त्यांनी. कागदावर आकडे, प्रत्येक वळणापाशी खूण, आणि एका ठिकाणी लाल पेनाने गोल. कॉम्प्युटरने ज्या गेटमधून मार्ग नेला होता त्या गेटला कुलूप होतं. म्हणजे कायमचं, बरं का, साखळीला गंज चढलेला, त्याचा फोटोही आणला होता. नकाशावर गेट होतं, प्रत्यक्षात नव्हतं. ते गेट वगळून पुन्हा मोजलं तर अंतर नियमाच्या वर गेलं आणि नातवाला बस मिळाली. आजोबा एक शब्द चढ्या आवाजात बोलले नाहीत. मी तेव्हापासून सगळ्यांना हेच सांगते, नकाशा हातात घ्या आणि एकदा मुलाला घेऊन त्यावरून चाला. कुलूप, खणलेला रस्ता, 'खासगी जागा, प्रवेश नाही' अशी पाटी, असलं काही दिसलं की फोटो.

आता मागच्या बिल्डिंगचा मुलगा. रेघ कुठेतरी पडतेच, आणि ती दोन बिल्डिंगच्या मधूनही पडू शकते, कारण प्रत्येक दारापासून वेगळं मोजतात. शिवाय त्या मुलाला बस अंतरामुळेच मिळतेय हे तुम्हाला कुठे माहीत आहे? त्याची काही वेगळी गरज असेल, किंवा बसमध्ये जागा उरली म्हणून सौजन्याने दिलेली सीट असेल. 'त्याला मिळते मग आम्हाला का नाही' हा अर्जातला सगळ्यात दुबळा मुद्दा असतो. माझ्यासमोर असा अर्ज आला होता तेव्हा झालं एवढंच की शेजारच्या मुलाची फाइल उघडली, त्याची सौजन्याची सीट गेली, आणि अर्ज करणाऱ्यांना काही मिळालं नाही ते नाहीच. दोन घरांचं बोलणं बंद झालं असणार, मी विचारलं नाही.

समजा अंतर खरंच दोनच्या आत निघालं, तरी खेळ संपत नाही. न्यू जर्सीत प्रत्येक स्कूल डिस्ट्रिक्टला (त्या भागातल्या सरकारी शाळा चालवणारी संस्था) धोकादायक मार्गांबद्दल लेखी धोरण ठेवावं लागतं, म्हणजे अंतर कमी असलं तरी रस्ता धोक्याचा असला तर काय करणार हे. रहदारी किती, गाड्या कुठल्या वेगाने जातात, फुटपाथ आहे का, आंधळं वळण, चढ, पूल, रेल्वेचे रूळ, असल्या गोष्टी त्यात बघतात. ते धोरण मागून घ्या आणि तुमचा अर्ज त्याच्याच भाषेत लिहा, 'माझी मुलगी लहान आहे हो' असं नाही तर 'या चौकापासून त्या चौकापर्यंत फुटपाथ नाही, शाळा भरायच्या वेळचा फोटो जोडलाय' असं. फोटो शाळेच्याच वेळेचा हवा हं, रविवारी दुपारी कुठलाही रस्ता गरीबच दिसतो.

तेही नाही जमलं तर सौजन्य सीट किंवा पैसे भरून मिळणारी सीट असते का ते विचारा, बऱ्याच डिस्ट्रिक्टमध्ये एक तरी असते. फक्त ही सीट म्हणजे हक्क नव्हे, दरवर्षी नव्याने मागावी लागते आणि वर्षाच्या मधेही जाऊ शकते.

दोघं नोकरी करता हे अर्जात लिहू नका असं नाही पण त्याने काही हलत नाही. वाईट वाटतं, पण तसंच आहे.

एक गोष्ट मात्र मलाही पटत नाही आणि ती तुम्ही ऑफिसात नाही तर डिस्ट्रिक्टच्या शाळा-बोर्डाच्या मीटिंगमध्ये बोलावी अशी आहे. न्यू जर्सीचे ते दोन मैल किंडरगार्टनपासून आठवीपर्यंत सगळ्यांना एकच. म्हणजे पाच वर्षांच्या मुलीला आणि तेरा वर्षांच्या दांडग्या पोराला एकच रेघ! दोन मैल म्हणजे मोठ्या माणसाला चाळीसेक मिनिटं. पाच वर्षांचं पोर मांजर दिसलं की थांबतं, बूट सुटला की थांबतं, उगाच पण थांबतं, तास सहज धरा. बाजूच्या न्यू यॉर्क शहरात बघा, किंडरगार्टन ते दुसरीच्या मुलांसाठी पिवळ्या बसची रेघ अर्ध्या मैलावर आहे आणि तिसरी ते सहावीला एक मैल. ऑस्ट्रेलियात न्यू साउथ वेल्समध्ये तर दुसरीपर्यंतच्या मुलांना मोफत प्रवासासाठी अंतराची अटच नाही, तिसरी ते सहावीला सरळ रेषेत १.६ किलोमीटर किंवा चालत २.३ किलोमीटर, दोन्हींतलं कुठलंही एक भरलं की झालं. म्हणजे वयाप्रमाणे पायरी करता येते, कुणीतरी केलीय.

प्रश्न : आम्ही इंग्लंडमध्ये आहोत. मुलाचा जन्म जुलैचा, सप्टेंबरमध्ये चार वर्षांचा असतानाच रिसेप्शनला (इथल्या शाळेचं पहिलं वर्ष) जाईल. शाळा घरापासून अडीच मैल, नियम दोन मैलांचा, तरी इथलं कौन्सिल (म्हणजे पालिका) नाही म्हणतंय. त्यांनी दोन कारणं दिलीत, एक म्हणजे वय आणि दुसरं म्हणजे 'ही तुमची सर्वात जवळची शाळा नाही'. वयाचं काय? लहान असेल तर उलट आधी मिळायला नको का? — एक बाबा

उत्तर : हो ना, ऐकायला उलटंच वाटतं. पण तिथला कायद्याने मिळणारा हक्क सक्तीच्या शिक्षणाच्या वयाला चिकटलेला आहे. ते वय पाचव्या वाढदिवसाच्या दिवशी सुरू होत नाही, ३१ डिसेंबर, ३१ मार्च आणि ३१ ऑगस्ट या तीन तारखांपैकी वाढदिवसानंतर जी पहिली येईल त्यानंतर होतं. तुमचा जुलैचा, म्हणजे पाच पूर्ण होईल पुढच्या जुलैत आणि तारीख लागेल ३१ ऑगस्टची. थोडक्यात अख्खं रिसेप्शनचं वर्ष कायद्याच्या बाहेर गेलं. सप्टेंबरात जन्मलेलं त्याच वर्गातलं मूल जानेवारीपासूनच आत येतं. बऱ्याच कौन्सिल रिसेप्शनच्या मुलांना स्वतःहून देतात, तुमच्या कौन्सिलचं धोरण वेबसाइटवर असेल, त्यात 'रिसेप्शन' हा शब्द शोधा. दिलेलं असेल तर वयाचं कारण तिथेच पडलं.

खरं घोडं अडलंय ते दुसऱ्या कारणापाशी. १९९६ च्या शिक्षण कायद्यात जो हक्क आहे तो जवळच्यात जवळच्या योग्य शाळेसाठी आहे. आठ वर्षांखालच्यांना दोन मैल, पुढे तीन, पण शाळा सर्वात जवळची हवी आणि तिथे जागा हवी. तुम्ही प्रवेशाच्या फॉर्ममध्ये जवळची शाळा खाली टाकून ही वर टाकली असेल तर ती तुमची निवड झाली, न्यायचं आणायचं तुमच्याकडे. पण जवळच्या शाळेत जागाच नव्हती म्हणून ही मिळाली असेल तर गोष्ट वेगळी, मग तुमच्यासाठी हीच जवळची. तेव्हा प्रवेशाचा फॉर्म आणि जागा नसल्याचं पत्र काढून बसा आधी. आणि ज्यांचे फॉर्म अजून भरायचेत त्यांनी बसचं पान आधी वाचा आणि शाळांचे क्रमांक मग टाका, सगळे उलटं करतात आणि मग आम्हाला पत्र लिहितात.

हे दोन नि तीन मैल आले कुठून, तुम्हाला विचार पडला असेल, मला पडला होता. १९४४ च्या शिक्षण कायद्यात हेच आकडे आहेत, आठच्या आत दोन, पुढे तीन. आणि गंमत म्हणजे ते बस द्यायला नव्हतेच. मूल शाळेत आलं नाही म्हणून आईबापावर केस झाली तर 'शाळा चालत जाण्याच्या अंतरात नव्हती आणि काही सोयही केली नव्हती' असा बचाव करता यावा म्हणून होते. त्याच्याही मागे १८७० च्या कायद्यात तीन मैलांचा उल्लेख आहे. म्हणजे आज आपलं लेकरू बसमध्ये बसणार की नाही हे जो आकडा ठरवतो तो मुळात बाप दोषी की निर्दोष हे ठरवायला आणलेला. न्यूझीलंडमध्ये आठवीपर्यंत ३.२ किलोमीटर आणि पुढे ४.८ आहे, गुणाकार करून बघा, तेच दोन नि तीन मैल, फक्त किलोमीटरचे कपडे घातलेले. असे आकडे एकदा बसले की उठत नाहीत.

अजून एक, तिथे 'रस्ता सुरक्षित' म्हणजे मूल एकटं नाही तर गरज असेल तर मोठ्या माणसाबरोबर चालत सुरक्षित जाऊ शकेल असा. १९८६ मध्ये एसेक्सची एक केस हाउस ऑफ लॉर्ड्सपर्यंत (तेव्हा तिथलं सर्वात वरचं कोर्ट) गेली होती, सगळ्यात जवळचा रस्ता २.९४ मैलांचा, म्हणजे तीनच्या जेमतेम आत, आणि त्यातला काही भाग निर्जन, बिनदिव्याच्या कच्च्या वाटेचा. मुलीने एकटीने जायचा तो रस्ता नव्हताच. पण निकाल असा लागला की सोबत कुणी असलं तर जाता येतं ना, मग तो रस्ता धरायचा. त्यामुळे 'तो एकटा कसा जाईल' असं लिहिलंत तर उत्तर येईल की एकटा पाठवा असं कोण म्हणालं. लिहायचंच तर 'मी बरोबर असूनही हा रस्ता का धोक्याचा आहे' ते लिहा.

प्रश्न : माझी नात सकाळी तिच्या आईकडून शाळेत जाते आणि दुपारी माझ्याकडे येते. माझं घर शाळेपासून लांब आहे, त्यांचं जवळ. माझा पत्ता दिला तर बस मिळेल ना? सूनबाई म्हणते असं करू नका. — आजी

उत्तर : सूनबाईचं ऐका हो आजी! पात्रता मूल जिथे राहतं त्या पत्त्यावरून ठरते, दुपारी कुठे जातं त्यावरून नाही. पत्ता खोटा देऊन सीट मिळवली तर बस जातेच, कधी कधी प्रवेशावरही येतं, माझ्या टेबलावर वीजबिल मागितल्यावर गोरेमोरे झालेले चेहरे मी बघितलेत. मात्र नात राहत्या पत्त्यावरून पात्र असती तर दुपारचा थांबा तुमच्याकडचा मागता आला असता, त्यासाठी बहुतेक ठिकाणी वेगळा फॉर्म असतो. तिथेही आठवड्याचे पाचही दिवस एकच थांबा असा आग्रह धरतात, सोमवारी आजी मंगळवारी पाळणाघर हे चालत नाही, कारण बदली ड्रायव्हर आला की लहान मूल चुकीच्या ठिकाणी उतरतं. आईबाप वेगळे राहत असतील आणि मूल दोन्ही घरी राहत असेल तर मात्र लपवाछपवी न करता दोन्ही पत्ते आणि ताब्याचा कागद द्यावा. काही ठिकाणी दोन्हीकडून बस देतात, काही ठिकाणी एकच पत्ता धरतात, पण विचारल्याशिवाय कुणी सांगत नाही.

प्रश्न : न्यू यॉर्क राज्यात राहतो (शहरात नाही). मुलीला खासगी शाळेत घालायचं चाललंय, पहिलीला. खासगी म्हणजे बस आपलीच का? — एक वाचक

उत्तर : नाही, आणि हे खूप जणांना माहीत नसतं. तिथे शहरांचे स्कूल डिस्ट्रिक्ट सोडून बाकीच्यांना खासगी शाळेतल्या मुलांनाही न्यावं लागतं, आठवीपर्यंत दोन मैलांच्या पुढे, नववी ते बारावी तीन मैलांच्या पुढे, आणि दोन्हींना कमाल पंधरा मैलांपर्यंत. पण अर्ज लेखी हवा, तुम्ही जिथे राहता त्या डिस्ट्रिक्टकडे हवा (खासगी शाळेकडे नाही!) आणि आधीच्या १ एप्रिलपर्यंत हवा. नव्याने राहायला आला असाल तर आल्यापासून ३० दिवस. प्रवेश पक्का व्हायची वाट बघत बसाल तर एप्रिल निघून जाईल, विचार चालू असतानाच अर्ज टाकून ठेवा, नाही गेली त्या शाळेत तर कळवून टाकायचं.

प्रश्न : ताई, आम्ही महाराष्ट्रातच आहोत. मुलगा सीनियर केजीत, शाळा चार किलोमीटर. शाळा म्हणते आमची बस तुमच्या गल्लीत येणार नाही. आरटीईत एक किलोमीटरचा नियम आहे ना, मग शाळेला बस द्यावीच लागेल ना? — एक आई

उत्तर : नाही हो, दोन गोष्टी एकात एक मिसळल्यात. आरटीई कायदा २००९ चा, लागू झाला १ एप्रिल २०१० ला, आणि तो सहा ते चौदा वयाचा. केजीचं वय त्यात येत नाही. ते एक किलोमीटर म्हणजे पहिली ते पाचवीसाठी घराजवळ तेवढ्या अंतरात शाळा असावी (सहावी ते आठवीला तीन), ही जबाबदारी सरकारची, आणि जिथे शाळाच नाही तिथे येण्याजाण्याची सोय वगैरे पुढचं येतं. तुम्ही स्वतः निवडलेल्या खासगी शाळेने गल्लीत बस आणावी असं त्यातून निघत नाही. ती बस म्हणजे तुमचा नि शाळेचा किंवा बसवाल्याचा व्यवहार आहे, तिथे 'पात्र' असं काही नसतं, रूट आहे की नाही एवढंच.

पण हातात काहीच नाही असंही नाही. राज्याचे स्कूल बसचे नियम आहेत २०११ चे, त्यात प्रत्येक शाळेत परिवहन समिती असायला हवी, मुख्याध्यापक अध्यक्ष, पालकांचा प्रतिनिधी, वाहतूक पोलीस, आरटीओ वगैरे. थांबे कुठे असावेत आणि भाडं हा त्या समितीचाच विषय. तेव्हा काउंटरवर भांडण्यापेक्षा पालक प्रतिनिधी कोण ते शोधा आणि तुमच्या बाजूची अजून चार मुलं असतील तर एकत्र अर्ज द्या. एका मुलासाठी बस वळत नाही, पाच मुलांसाठी वळते. रिक्षात दहा पोरं कोंबून पाठवण्यापेक्षा हा उद्योग बरा.

प्रश्न : आम्ही कॅलिफोर्नियात. मुलगा चार वर्षांचा, ऑटिझम आहे, डिस्ट्रिक्टच्या प्रीस्कूलमध्ये जागा मिळालीय, घरापासून एक मैलच. ऑफिसात विचारलं तर म्हणाले आमच्याकडे बस नाहीचे आणि असती तरी तुम्ही इतके जवळ. खरंय का? — आई

उत्तर : अर्धं खरंय. कॅलिफोर्नियात सर्वसाधारण मुलांना घर ते शाळा बस द्यायलाच हवी असा राज्याचा कायदा नाही, म्हणून त्या बाईंनी सवयीने तेच उत्तर दिलं असेल. पण तुमच्या मुलाचा प्रश्न अंतराचा नाहीच. १९७५ पासून चालत आलेला जो अमेरिकेचा केंद्रीय कायदा आहे, ज्याला आज आयडिया म्हणतात, त्यात प्रवास ही शिक्षणाला जोडलेली सेवा धरलीय आणि तो तीन वर्षांच्या मुलांपासून लागू होतो. मुलाला त्या शिक्षणाचा फायदा घ्यायला बसची गरज आहे का, एवढाच प्रश्न, मग घर एक मैलावर असो की समोरच्या फुटपाथवर.

आणि हे काउंटरवर ठरत नाही, आयईपीच्या, म्हणजे तुमच्या मुलासाठी लेखी आखलेल्या खास शिक्षण योजनेच्या मीटिंगमध्ये ठरतं. तिथे स्पष्ट सांगा, तो रस्त्यावर हात सोडून पळतो का, आवाजाने कानावर हात ठेवून खाली बसतो का, गाडीत पट्टा काढून टाकतो का. खरं घडलेलं सांगा, तारखेसकट. आणि 'बस' असा एक शब्द लिहून घेऊन उठू नका. दारापाशी की कोपऱ्यावर, सीटला कसला पट्टा, बरोबर मदतनीस आहे का, प्रवास जास्तीत जास्त किती वेळ, हे सगळं त्या कागदात उतरलं पाहिजे. कागदात नसलेलं नवीन ड्रायव्हरला माहीत नसतं. नाही म्हणाले तर नकार लेखी मागा, तो द्यावा लागतो. लेखी मागितला की बऱ्याचदा नकारच येत नाही, हा माझा अनुभव.

प्रश्न : आमचं उलटंच झालंय. बस मिळाली! पत्र आलं, थांबा दिलाय घरापासून तीनशे मीटरवर. आणि आता मला झोप नाही. ती अजून पाच वर्षांची पण नीट झाली नाहीये हो, मोठ्या मुलांबरोबर, एकटी... पात्र आहे म्हणजे पाठवायलाच हवं का? — घाबरट आई

उत्तर : पाठवायलाच हवं असं काही नाही. पण नकोय असं लगेच कळवून टाकू नका, सीट सोडली की परत मिळायला रांग लागते. पहिले काही दिवस स्वतः सोडा, मग सकाळचीच बस, मग दुपारची. मात्र किती दिवस सीट रिकामी ठेवलेली चालते ते विचारून घ्या, काही ठिकाणी दोन आठवडे मूल दिसलं नाही की नाव काढतात.

थांबा दाराशी नसतो हे तुमच्या पत्रातून कळलंच. ते तीनशे मीटर तुमची जबाबदारी. ऑफिसला दोन प्रश्न विचारा, एक म्हणजे दुपारी थांब्यावर घ्यायला कुणी मोठं नसेल तर ड्रायव्हर काय करतो (इतक्या लहान मुलांना बऱ्याच ठिकाणी उतरवतच नाहीत, परत शाळेत नेतात, ते बरंच आहे), आणि दुसरं, लहान मुलांना पुढच्या सीटवर बसवतात का. घ्यायला येणाऱ्यांची नावं आधी द्यायची असतील तर तीन तरी द्या, तुम्ही दोघं आणि एक असा माणूस जो दुपारी खरंच घरी असतो.

भीती बसच्या आत असते त्यापेक्षा बसच्या आजूबाजूला जास्त धरायला हवी, हे मात्र कुणी सांगत नाही. बसच्या चारी बाजूंना साधारण दहा फूट, तीन मीटर म्हणा, एवढ्या पट्ट्यात लहान मूल ड्रायव्हरला दिसतच नाही असं होऊ शकतं. अमेरिकेत मुलांना राक्षसाची पावलं म्हणून शिकवतात, बस येताना कडेपासून तीन ढांगा मागे, आणि बसच्या पुढून रस्ता ओलांडायचा तर पाच ढांगा पुढे जाऊन, ड्रायव्हरच्या डोळ्यात बघून, त्याने हात केला की. चेंडू, चित्र, पाण्याची बाटली, काहीही बसखाली गेलं तर उचलायला वाकायचं नाही, ड्रायव्हरला सांगायचं. हे घरातच करून घ्या, सोफा म्हणजे बस, तुम्ही ड्रायव्हर, ती राक्षस. माझ्या पोराने सोफ्याखाली मुद्दाम पेन्सिल टाकून मला दहा वेळा 'ड्रायव्हरकाका, माझी पेन्सिल!' असं ओरडून दाखवलं होतं, कंटाळा येईपर्यंत.

दप्तराला लोंबणारी दोरी, लांब किचेन असलं काही नको, दारात अडकतं. नावाची चिठ्ठी दप्तराच्या आत लावा, बाहेर नाही, नाहीतर कुणीही नावाने हाक मारतं. आणि बसचा नंबर पाठ करून घ्या, पत्ता नाही आला तरी चालेल. पहिल्या दिवशी संध्याकाळी शाळेसमोर सगळ्या बस एकाच रंगाच्या उभ्या असतात, आणि तुमच्या मुलीला शोधायची असते त्यातली एकच.